व्ही.पी. सोडवली

मध्यंतरी सुनेनं मोबाइल माझ्यापुढे धरला. "आई, साखरपुड्याला न्यायला यातली कुठली घेऊ?" पडद्यावर पर्सच पर्स. बोटानं वर सरकवावं तशा आणखी येत होत्या, संपायचं नाव नाही. एक तपकिरी मला बरी वाटली. मी म्हटलं, "ही आतून दाखव." तिनं फोटो चाळले. पुढून होती, मागून होती, एका उंच मुलीच्या खांद्यावर होती, कॉफीच्या कपाशेजारी होती. आतून नव्हतीच. "मग नको," मी म्हटलं. ती हसली. सासूबाईंचं नेहमीचंच.

नेहमीचंच आहे, पण ते नोकरीतून आलंय. १९७८ साली मी पोस्टात लागले आणि २०१४ साली निवृत्त झाले. मधली बहुतेक वर्षं मिरजेला गेली. टपालाची बॅग म्हणजे जाड कॅनव्हासची, माणूसभर ओझं पेलणारी. सकाळी आरएमएसकडून, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेकडून, बॅगा आल्या की आधी लेबल बघायचं, मग लाखेचं सील शाबूत आहे का ते बघायचं आणि मगच गळ्याची सुतळी कापायची. टपाल ओतून झालं की रिकामी बॅग उलटी करायची, आतली बाजू बाहेर. हा नियमच होता. तळाच्या शिवणीत एखादं कार्ड अडकून राहतं, आणि ते कुणाच्या नोकरीचं असतं नाहीतर कुणाच्या मयताचं. लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक बॅग उलटी न करता घडी घालून ठेवली. आमच्या हेडक्लार्कांनी ती सगळ्यांदेखत उलगडली आणि आतून एक अंतर्देशीय काढून माझ्या टेबलावर ठेवलं. बोलले काहीच नाहीत. तेव्हापासून पिशवी कुठलीही असो, मी ती उलटी करून बघते. दुकानात पर्स घेतानाही अस्तर बाहेर ओढते. दुकानदारांना ते आवडत नाही.

पत्र आणि पिशवी यांचं नातं आपल्याकडे जुनं. संस्थानिक आणि सरदार एकमेकांना पत्र धाडायचे ते रेशमी नाहीतर किनखापाच्या थैलीत घालून, तोंड बांधून, वर मोहोर करून. त्या थैलीला खलिता म्हणत. पुढे थैली मागे पडली आणि पत्रालाच खलिता म्हणू लागले. मिरज म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, तेव्हा असले खलिते आमच्या गावात पुष्कळ आले-गेले असणार. आमच्या हातून गेलं ते सगळं कॅनव्हास आणि तरट.

आणि मांजरपाट. पार्सल म्हणजे तेव्हा मांजरपाटात गुंडाळून दाभणानं शिवलेली चीज. शिवणीवर ठरावीक अंतरानं लाखेचे ठिपके, त्यावर पाठवणाऱ्याचा ठसा. एका अर्थानं तीही पिशवीच, एकदाच वापरायची. त्या पार्सलावर ज्या दिवशी 'व्ही.पी.' अशी दोन अक्षरं असत, त्या दिवशी घरात पैशांची शोधाशोध सुरू होई.

सून ज्याला सीओडी म्हणते, म्हणजे वस्तू दारात आली की पैसे, ते तिला नव्या जमान्याचं वाटतं. आपल्या पोस्टानं व्हॅल्यू पेएबल पद्धत सुरू केली १८७७ साली. पोस्टकार्ड आलं १८७९ला, मनीऑर्डर १८८०ला. म्हणजे एका आण्याच्या चौथाईत खुशाली कळवायची सोय व्हायच्या आधीच न बघितलेली वस्तू घरबसल्या मागवायची सोय झाली होती. लोकमान्यांचा 'केसरी' निघाला १८८१ साली. पुढं शंभर वर्षं मराठी वर्तमानपत्रांच्या आणि मासिकांच्या मागच्या पानांवर घड्याळं, केशतेलं, धातुपुष्टीची चूर्णं, पंचांगं, पुस्तकं, शिवणयंत्राचे सुटे भाग यांच्या जाहिराती येत राहिल्या. सगळ्यांच्या तळाशी बारीक टायपात एकच मजकूर असे, की व्ही.पी.ने पाठवू, व्ही.पी. खर्च निराळा.

काम कसं चालायचं ते सांगते, कारण आता ते सांगणारं कुणी राहिलं नाही. पाठवणारा पार्सल रजिस्टर करताना त्यावर वसूल करायची रक्कम लिहायचा आणि सोबत मनीऑर्डरचा फॉर्म भरून द्यायचा, त्यावर स्वतःचंच नाव. म्हणजे पैसे परत कुठं जायचे ते पार्सलाबरोबरच प्रवासाला निघे. आमच्याकडे पार्सल आलं की रजिस्टरात नोंद, मग घरी वर्दी. लोक खिडकीवर येत, रक्कम आणि वर मनीऑर्डरचं कमिशन भरत, सही करत, पार्सल काखोटीला मारून जात. त्याच दिवशी तो फॉर्म मनीऑर्डर होऊन उलटा निघे. सात दिवस वाट बघायची, नाही आलं कुणी तर पार्सल परत. याला म्हणायचं व्ही.पी. सोडवणं. सावकाराकडून दागिना सोडवतात, तुरुंगातून माणूस सोडवतात, तशी व्ही.पी. सोडवायची. 'ऑर्डर रिसीव्ह केली' या शब्दांत ती धाकधूक नाही.

धाकधूक दोन्हीकडे असायची. मासिकांचे संपादक वर्षाची वर्गणी व्ही.पी.नं वसूल करायचे. वर्षभर आवडीनं मासिक वाचलेला वर्गणीदार व्ही.पी. आली की नेमका परगावी गेलेला असे. पार्सल परत, जाण्यायेण्याचा खर्च संपादकाच्या अंगावर. कित्येक मराठी मासिकांत संपादकांनी त्याबद्दल काकुळतीनं लिहिलेलं सापडेल. उलट बाजूचे लबाडही होते. कुणी काही मागवलेलं नसताना व्ही.पी. धाडून द्यायची. घरचा कर्ता बाहेर, बायकोला वाटतं यांनीच मागवली असेल, ती पैसे भरून मोकळी. म्हणून पाठवणाऱ्याकडून लेखी घ्यायचे की माल खरोखर मागणीवरून धाडतोय. लिहून द्यायला कुणाचं काय जातं?

आणि मुख्य अट, पैसे भरल्याशिवाय पार्सल उघडता येणार नाही. खिडकीवरून ही अट मी किती जणांना ऐकवली असेल त्याला गणती नाही. मिरजेजवळच्या बेडगचा एक शेतकरी एकदा माझ्याशी तासभर वाद घालत होता. "बाई, बैल बाजारात दात बघून घेतो मी. आणि हे फडकं न उसवता घेऊ?" त्याचं बरोबर होतं. नियम माझ्या बाजूनं होता.

आता पर्सकडे येते.

माझ्या आईनं जन्मात पर्स वापरली नाही. नऊवारीचा ओचा हीच तिची तिजोरी. किल्ली, अडकित्ता, रुपया-दोन रुपये, देवळातला अंगारा, सगळं त्यात. मोठी नोट असली तर पदराच्या टोकाला गाठ. आमच्या आत्याबाईंकडे चंची होती. लाल कापडाची, आत पानाला वेगळा, सुपारीला वेगळा, चुन्याच्या डबीला वेगळा असे कप्पे, गुंडाळून दोरी आवळली की मुठीत मावणारी. सगळ्यांत आतल्या कप्प्यात त्यांचे स्वतःचे पैसे असत, आणि ते किती हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आजोबांचा कमरेचा कसा होता, गावोगाव फिरणाऱ्या गुरुजींची खांद्यावर मागेपुढे लोंबणारी पडशी होती. कसा, चंची, पडशी, बटवा, झोळी. एवढी नावं आपल्याकडे होती आणि प्रत्येक नावाचा माणूस ठरलेला होता. आता बाईच्या हातात काहीही असो, ती 'पर्स'. पुरुषाचं ते 'पाकीट'.

ही सगळी कापडाची होती, हे ध्यानात घ्यायला हवं. चामडं आमच्यासारख्या घरांत उंबऱ्याच्या आत येताना अडखळायचं. मी नोकरीला लागले तेव्हासुद्धा आजीचा दंडक होता की पर्स बाहेरच्या खुंटीवर, स्वयंपाकघरात नाही, देवघरात तर नाहीच. ज्या माणसांनी ती बनवली त्यांना ओसरीच्या पुढे यायला मनाई, मग त्यांच्या हातची वस्तू कशी येणार? पायात वहाण मात्र त्यांचीच लागायची. आजी मायाळू होती, पण यात तिला काही वावगं दिसलं नाही. आम्हालाही फार उशिरा दिसलं.

ओचा गेला तो सहावारी आली तेव्हा. गोल साडीला खिसा नाही, ओचा नाही, आणि बस-गाडीनं कामावर जाणाऱ्या बाईजवळ पास हवा, डबा हवा, छत्री हवी, रुमाल हवा. मग पर्स आली. युरोपातही असंच काहीसं घडलं होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिकडच्या बायकांचे घोळदार झगे जाऊन सडपातळ, अंगालगतचे झगे आले. आधी झग्याच्या आत कमरेला बांधलेले सुटे खिसे असत, ते आता बाहेरून दिसू लागले. म्हणून बटव्यासारखी एक लहानशी पिशवी हातात आली. तिचं नाव रेटिक्यूल, टवाळखोर तिला रिडिक्यूल म्हणायचे. कपडा बदलला की पिशवी जन्मते, तिकडे काय आणि इकडे काय.

माझी पहिली पर्स मी १९७९च्या दिवाळीत मागवली. एका दिवाळी अंकात जाहिरात होती. फोटो नव्हे, रेखाचित्र. केसांचा उंच अंबाडा घातलेली बाई, तिच्या मनगटाला अडकवलेली पर्स. अस्सल चामडे, साटीनचे अस्तर, तीन कप्पे, पितळी कडी. किंमत ३८ रुपये, व्ही.पी. खर्च निराळा. मुंबईच्या त्या कंपनीचं नाव सांगत नाही, ती आता नसावी. कार्ड टाकलं आणि वाट बघू लागले. दुसऱ्यांची पार्सलं रोज हाताळणाऱ्या मला स्वतःच्या पार्सलाची अशी हुरहुर लागेल असं वाटलं नव्हतं.

अठराव्या दिवशी पार्सल आलं. गंमत अशी की ज्या बॅगेतून आलं ती मीच उघडली. मीच रजिस्टरात नोंदवलं, मीच माझ्या नावाची वर्दी लिहिली. हेडक्लार्क म्हणाले, "बाई, स्वतःलाच कळवताय होय!" मग जेवणाच्या सुट्टीत खिडकीच्या पलीकडे गेले, रांगेत उभी राहिले, पैसे भरले, सही केली. ऑफिसातल्या सगळ्यांना उत्सुकता. मांजरपाटाची शिवण कात्रीनं कापली. आत वर्तमानपत्र, त्याच्या आत पर्स.

माझ्या तळहाताएवढी. चित्रातल्या बाईचं मनगट भलतंच नाजूक असणार. साटीन होतं, पण तळाशी टाके न घालता डकवलेलं. तीन कप्पे होते, त्यातल्या एकात रुपयाचं नाणंही आडवं जात नव्हतं. आणि वास आला तो चामड्याचा नव्हे, नव्या रेक्झिनचा. शेजारची म्हणाली, "परत कर ना." परत कुठं करणार? पैसे तर दुपारच्या टपालानं मनीऑर्डर होऊन निघणार होते, फॉर्मवर ठप्पा मीच मारला होता. पोस्टाची हमी पैसे पोचवण्याची, आतल्या मालाची नाही. हे बेडगच्या त्या शेतकऱ्याला मीच सांगितलं होतं. कंपनीला दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही.

तरी ती पर्स मी तीन वर्षं वापरली. पैसे पडले होते म्हणून वापरली आणि हातात स्वतःच्या पगाराची पर्स आहे हे बरं वाटायचं म्हणूनही. दुसऱ्या उन्हाळ्यात रेक्झिनला भेगा पडल्या, तिसऱ्यात पापुद्रे सुटून साडीला चिकटू लागले. कडी तेवढी खरंच पितळेची निघाली.

स्टेशनजवळ पर्सा आणि बॅगा दुरुस्त करणारे एक काका बसत. चेनचा रनर बदलून घ्यायला गेले तेव्हा त्यांनी पर्स हातात घेतली, उघडली, आणि पट्ट्याची कापलेली कड नखानं उचकटून मला दाखवली. "हे बघा ताई. वर रंग, खाली फडकं. सूत दिसतंय की नाही?" मग आपल्या पुढ्यातला चामड्याचा एक तुकडा घेतला, रापीनं तिरका छेद दिला. त्या छेदात सूत नव्हतं, वीण नव्हती. नुसते तंतू, एकमेकांत गुंतलेले. "वरून काय बी करता येतंय. कडंला खोटं बोलता येत नाही." ते शिक्षण फुकट मिळालं. चेनचे दीड रुपये घेतले.

त्या शिक्षणाचा उपयोग १९८६ साली झाला. एलटीसी, म्हणजे नोकरीतली प्रवाससवलत, घेऊन आम्ही कलकत्त्याला गेलो, तिथून शांतिनिकेतनला. शांतिनिकेतनी पर्स तेव्हा आपल्याकडच्या शिक्षिका, नर्सबाई, बँकेतल्या बायका यांच्या खांद्यावर सर्रास दिसायची. बकरीचं नाहीतर मेंढीचं मऊ कातडं, त्यावर दाबून उठवलेली वेलबुट्टी किंवा शंख, आणि विटकरी-हिरवे-निळे रंग. रवींद्रनाथांनी खेड्यांच्या कामासाठी १९२२ साली श्रीनिकेतन काढलं, तिथल्या कार्यशाळांत त्यांचे चिरंजीव रथींद्रनाथ आणि सूनबाई प्रतिमादेवी यांनी हे चामडेकाम रुजवलं. चामड्याला हात लावणं कमीपणाचं मानणाऱ्या भद्र घरांतल्या मुली तिथं ते शिकू लागल्या. मी दुकानात कड बघितली, अस्तर उलटं केलं, मग घेतली. ती अजून आहे. आजी तेव्हा नव्हती, नाहीतर खुंटीचा प्रश्न पुन्हा आला असता.

ऑनलाइन खरेदीत आमच्या खात्याची आणखी एक ठेव आहे, ती कुणाला आठवत नाही. पत्ता भरताना आधी पिनकोड मागतात ना, तो १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, आणि ती कल्पना राबवली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. कोकणातला माणूस, दिल्लीत दळणवळण खात्यात वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृत कवी. संस्कृतात नाटकं लिहिणाऱ्या माणसानं देशाला सहा आकडे दिले. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्राचा आणि गोव्याचा चार, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही त्याच चारात. पहिले तीन मिळून टपाल वेगळं करण्याचा जिल्हा ठरतो, शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारं पोस्ट. मिरज ४१६४१०, सांगली ४१६४१६. त्याआधी काय हाल होते ते विचारू नका. पिंपळगाव किती, वडगाव किती, आणि पत्ता लिहिणाऱ्यानं तालुका लिहिला तर नशीब. आज गोदामातलं यंत्र पार्सल ज्या खणात टाकतं, तो खण वेलणकरांच्या आकड्यांनी ठरतो.

मधला काळ झरझर गेला. टीव्हीवर रात्री-अपरात्री फोन करून वस्तू मागवायच्या जाहिराती सुरू झाल्या आणि आमच्याकडच्या व्ही.पी. आटत चालल्या. २०००च्या सुमारास इंटरनेटवरचे बाजार निघाले, पण लोक बुजायचे. अनोळखी दुकानाला कार्डाचा नंबर कोण देणार? फ्लिपकार्ट २००७ साली पुस्तकं विकत सुरू झालं, आणि त्यांचं गाडं खरं पळायला लागलं २०१० साली, जेव्हा त्यांनी वस्तू हातात आल्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली. मला ती बातमी वाचून हसू आलं. ही तर आमची व्ही.पी. १३३ वर्षांनी लोकांना नवी वाटली. ॲमेझॉन भारतात आलं जून २०१३मध्ये. पुढच्याच महिन्यात तार बंद झाली, आणि त्याच सुमारास आमचं खातंही ऑनलाइन कंपन्यांची पार्सलं सीओडीनं वाटू लागलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षात मी पुन्हा खिडकीवर पैसे घेऊन पार्सलं देत होते. मांजरपाट गेला होता, त्या जागी फाटता फाटत नाही असं राखाडी प्लास्टिक.

निवृत्तीनंतर मुंबईला लेकीकडे असताना एकदा धारावीत गेले, शीवकडून येणाऱ्या रस्त्यानं. दोन्ही बाजूंना चामड्याच्या बॅगांची दुकानं. धारावी ४०००१७. पिनकोड आठवतो, सवय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तमिळ मुलखातून, विशेषतः तिरुनेलवेलीकडून, चामडं कमावणारे इथं येऊन राहिले. तेव्हा ही जागा शहराबाहेरची खाजण, आणि कत्तलखाना जवळ वांद्र्याला. कातडं कमावायचा वास शहराला नको होता, चामडं मात्र हवं होतं. आजीच्या ओसरीसारखंच. पुढे कत्तलखाना देवनारला गेला, कमावण्याचं कामही धारावीतून उठत गेलं. आता चामडं बरंचसं मद्रास-कानपूर-कलकत्त्याकडून तयार होऊन येतं, इथं ते कापतात आणि शिवतात. २०१५ साली आपल्याकडे बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा या गल्ल्यांत पुष्कळांच्या हातचं काम गेलं. सुधीर राजभर या चित्रकारानं नंतर तिथल्याच कारागिरांना घेऊन टाकाऊ रबराच्या बॅगा सुरू केल्या आणि नाव ठेवलं 'चमार स्टुडिओ'. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द महागड्या बॅगेवर छापला. हे मला फार आवडलं.

वरच्या माळ्यावर एका कारखान्यात कारागीर पर्सचा पट्टा शिवत होता. खाली फर्मे टांगलेले, पुठ्ठ्याचे, प्रत्येकावर नंबर. मालकानं सांगितलं, इथून माल जातो तो नाव न लावता. नाव दुसरा लावतो, फोटो तिसरा काढतो, विकतो चौथा. मी कड बघितली. खरी होती.

जुलै २०२५मध्ये पॅरिसला एक पर्स लिलावात ८६ लाख युरोंना गेली. जेन बर्किन या नटीसाठी एका नामांकित कंपनीनं केलेली पहिली बर्किन बॅग. वापरून ओरखडलेली, पट्ट्याला नेलकटर लटकवलेलं. बातमी वाचून सून अवाक. मला ते नेलकटर बघून बाई आपली वाटली. आमच्या काउंटरवरच्या सगळ्यांच्या पर्सला असंच काही ना काही लटकायचं.

तर सुनेची पर्स. तपकिरी रद्द झाल्यावर दुसरी सापडली, तिचा आतला फोटो होता. मी मापं वाचायला लावली. रुंदी २८ सेंटिमीटर. शिवणाची टेप आणून वर्तमानपत्रावर चौकोन काढला, त्यात तिचा चष्मा, बाटली, फोन मांडून बघितलं. माल म्हणून लिहिलं होतं 'व्हेगन लेदर'. तिला सांगितलं, हे माझं १९७९चं रेक्झिनच, फक्त बारसं झालंय. वरचा थर पीयूचा असतो आणि दमट हवेत तो सुटतो. दोन पावसाळे जाईल, तेवढ्या बोलीवर घ्यायची तर घे. ती म्हणाली, "नाही आवडली तर सात दिवसांत परत करता येते." सात दिवस! ते आमचेच. पण आमचे सात दिवस पार्सल उघडायच्या आधीचे होते, हे उघडल्यानंतरचे. माझ्या मते जवळजवळ दीडशे वर्षांत खरा फरक एवढाच पडला. मोबाइल, फोटो, सवलती हे सगळं वरचं. बेडगच्या शेतकऱ्याला आता बैलाचे दात बघता येतात.

ती कणीक मळत होती, म्हणाली, "आई, पत्ता तुम्हीच टाका." मी टाकला. इमारत, रस्ता, पुण्यातलं कोथरूड. पिनकोडाच्या जागी बोटांनी आपोआप ४१६४१० लिहिलं. खाली गावाचं नाव आपसूक उमटलं, आणि ते इतकं ओळखीचं की मला काही खटकलंच नाही. चौथ्या दिवशी एका मुलाचा फोन आला. "मॅडम, मिरजेत कोथरूड कुठं आलं?"

पर्स मिरजेहूनच परत गेली. तीन दिवसांत पैसे सुनेच्या खात्यात जमा झाले. साखरपुड्याला ती माझी शांतिनिकेतनी पर्स घेऊन गेली.

तुम्ही काही मागवाल तेव्हा सहाही आकडे एकदा मोठ्यानं वाचा.